गुडघ्यापासून टाचेपर्यंत

बुंगमतीच्या आमच्या गल्लीत सचिवालयाचा माणूस आला
तेव्हा बा खिडकीतल्या मोराला डोळा पाडत होता.
माणसाच्या काखेत फाइल, बुटांना रोपणीचा चिखल.
म्हणाला, खुर्ची हवी. शिसवीची. चार दिवसांत.
सिंहासन नको, नाग नकोत, पायाखाली पायरी नको.
बानं विचारलं, बसणार कोण?

ते अजून ठरायचंय.

पहिल्या फेरीत कुणालाच पुरेशी मतं पडली नव्हती,
दुसरी सोमवारी.
उंच की ठेंगणा? जाड? कंबर धरते का त्याची?
माणूस फाइल चाळत राहिला,
जणू एखाद्या कलमात वजन लिहिलेलं असेल.
बाईसुद्धा असू शकते, म्हणाला,
आणि स्वतःच जरा दचकला.

आजोबांनी एकदा राजाच्या आसनाचा पाय सांधला होता.
माप घ्यावं लागलं नाही; राजे बदलायचे, आसन तेच,
बसणाऱ्यानंच त्याच्या मापाचं व्हायचं.
पोर बसवलं तर उशा लावायच्या.
आजोबा उताणे पडून खालून काम करत होते.
खालून, सांगायचे, सोनं नव्हतं.
साधं साल, रंधाही न फिरवलेलं,
त्यावर कुणा जुन्या सुताराची कोळशातली बेरीज,
चुकलेली.

त्या रात्री वीज गेली. बानं मेणबत्ती लावली,
टेपचं एक टोक माझ्या हाती दिलं. चल.

गल्लीभर आम्ही गुडघे मोजले.
दहीवाली नानीमैयां, सोळा इंच.
हेडमास्तर पुष्परत्न, साडेअठरा, आणि वर मधुमेहावर भाषण.
खड्गीनं सुरासुद्धा खाली ठेवला नाही.
पलटणीतून परतलेला तुल्सीमान, एक पाय प्लॅस्टिकचा;
बानं दोन्ही मोजले, दोन्ही लिहिले.

झाडूवाली सानुमाया देउला दारातच थांबली.
माझं कशाला? मी का उभी राहिलेय निवडणुकीला?
गल्लीतलं कुणीच नाही राहिलेलं, बा म्हणाला. बस.
ती बसली, सांगाड्याच्या कडेवर, अर्धीच,
जसं कुणाच्याही घरी बसायची.
मागे सरक, मी म्हटलं.
सरकली, तर पाय लोंबायला लागले.
टाच आणि जमीन यांच्यात बाची दोन बोटं मावली.
तो काही बोलला नाही. करवत मागितली.

खिळा एकही मारला नाही त्यानं, सगळे सांधे लाकडात लाकूड.
खिळ्यानं खुर्ची पक्की होते, म्हणायचा,
पण मग सोडवताना फाडावी लागते.

सोमवारी रेडिओवर मोजणी लागली.
सेल सकाळभर उन्हात ठेवले होते,
तरी ऐन नावापाशी घरघर झाली.
मग चौकातून ओरडा आला, मग नाव आलं,
तोंडातोंडी, आमच्या दारी पोचेतो
जरा वाकडं होऊन.
बानं हाताचा भुसा झटकला. एवढंच विचारलं:
उंच आहे?

पैसे अकरा महिन्यांनी आले. पाचशेच्या नोटा,
राजाच्या जलचिन्हावर लाल गुराँसचं फूल छापलेल्या.
उजेडात धरली की फुलामागून तो दिसायचा,
मुकुटासकट, जरासा गुदमरलेला.
मी बाला दाखवलं.
तो म्हणाला, चालते का ते बघ.

चालली.
तेल मिळालं, मीठ मिळालं,
वर सुटे परत.