बाहेरचं कार्ड

लॅपटॉप पालथा घातला. अकरा स्क्रू
शेंगाचटणीच्या बशीत ठेवले,
घासली तरी लालसर राहणाऱ्या.
वायफायची चिप उपसली, नखाएवढी,
तिच्या खाचेत फितीसारख्या केबलचं एक टोक.
दुसरं बाहेर, शिलाई मशीनच्या फळीवर.
तिथं पडलेलं दोन पंख्यांचं कार्ड,
विटेएवढं जड,
नवी पेठेतल्या इलाही बागवानकडचं.
कुठल्याशा गेम पार्लरात झिजलेलं.
"वॉरंटी माझ्या तोंडाची," इलाही म्हणाला,
"आणि तोंड इथंच असतंय, दहा ते नऊ."

त्याला वीज वेगळी लागते.
डबा आणला वीज देणारा, तोही जुना,
पण तो आपण होऊन जागा होत नाही,
हिरव्या वायरीची काळीशी गाठ घालावी लागते.
आईची साडीपिन वाकवून घातली.
पंखे फिरले.
फळीवरची खडूची धूळ उडाली
आणि पडद्यावर पिवळा त्रिकोण:
कोड त्रेचाळीस.
अडचण कळवल्यामुळे हे उपकरण थांबवण्यात आलं आहे.

बाहेरही त्रेचाळीसच होतं.
अशोक चौकात कुत्रीसुद्धा रसवंतीच्या ओल्या गोणपाटावर.
मी चार वेळा बंद केलं, चार वेळा चालू.
त्रेचाळीस. त्रेचाळीस.

नान्ना दुपारची झोप मोडून आले, बनियनवर.
त्यांनी तेलुगूत विचारलं, मी मराठीत सांगितलं,
आमच्या घरात असंच चालतं.
"कार्ड बाहेर का?"
आत मावत नाही, नान्ना. आतली वीज पुरत नाही.
आत ठेवलं तर सगळंच तापून बसेल.

ते मशीनच्या स्टुलावर टेकले.
"आमचंपण बाहेरच असायचं," म्हणाले,
"मागाच्या डोक्यावर."

एकतीस वर्षं त्यांनी पुठ्ठ्याला भोकं पाडली.
भोक असेल तिथं सुई आत जाणार, दोरा उचलणार,
नसेल तिथं नाही.
पानाला पान शिवून माळ,
एका मोराला हजारभर पानं.
"मागाला मोर माहीत नसतोय गं.
त्याला फक्त भोक कळतंय."

जकार्ड.
या शब्दात कार्ड आहे
हे मला सत्तावीस वर्षांत ऐकू आलं नव्हतं.

"एक पान उलटं शिवलं की मोराची मान तुटायची.
म्हणून माग कोण फोडतंय काय?
पहिल्या पानापासून बोट फिरवत यायचं."

मग मी पहिल्या पानापासून आले.
नवा ड्रायव्हर पुसला, त्याच्या आधीचा घातला,
फोनच्या इंटरनेटवर, रांगत रांगत आलेला.
आधी कार्डाला वीज. पंखे फिरू दिले.
श्वास घेतला, मग लॅपटॉप.
मधेच लाईट गेली. पाऊण तास
आम्ही दोघं अंधारात त्या विटेला वारा घालत बसलो,
तिला गरज नव्हती तरी.

नऊ वाजून गेल्यावर त्रिकोण गेला.

इरेश म्हेत्रेला परदेशी गिऱ्हाईकाला दाखवायची होती
अजून विणलीच नाही अशी चादर.
तिच्या घड्या, तिच्यावर पडलेलं ऊन.
आधी रात्रभर लागायचं एका चित्राला,
सकाळी उठून पाहावं तर लॅपटॉप गार आणि चित्र अर्धं.
आज जेवण होईतो चादर उलगडली,
कोपऱ्यापासून, चौकोनाचौकोनानं,
कडक भाकरीचा तुकडा माझ्या हातात तसाच.

नान्नांनी चष्मा लावला.
बोट पुढं केलं, पडद्यावर टेकवलं,
अंगठा शेजारी आणून चिमटीत धरायला गेले
आणि काच लागली.
थोडा वेळ बोट तिथंच होतं.
"किनार विसरलीस," म्हणाले. "उसवंल."

खरंच विसरले होते.
उसवण्यासारखं त्यात काही नव्हतं,
तरी मी किनार घालायला बसले.

आतून आई विचारतेय, साडीपिन कुठाय,
सकाळी विडी घरकुलात बारसं आहे.
मी म्हटलं, दहा मिनिटं थांब.
पंखे फिरतायत.
पिनेला हात लावू नकोस.