तुपाचा वास

बिअरला तुपाचा वास येऊ नये.
हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाई हसल्या,
तूप वाईट असतंय हे ऐकायला
हरिपूर रस्त्यापर्यंत जावं लागतं व्हय.

पण तसंच आहे.
यीस्टनं आपलं खरकटं आपणच आवरायचं असतं.
शेवटचे तीन-चार दिवस ते तेवढंच करतं,
गुपचूप, टाकीच्या अंधारात.
त्याआधी टाकी गार केली
की ग्लासात लोणी कढवल्याचा वास मागं राहतो.

मी पीत नाही. चव घेते आणि थुंकते.
आधी साखर कारखान्यात ब्रिक्स मोजायचे,
उसाच्या रसाचा. आता सातूच्या.
काचेची नळी तशीच तरंगते,
फक्त लग्नाकार्यात कुणी विचारलं, कुठं असता,
तर मी म्हणते, लॅबला.

पहिली तीन वर्षं चौदा दिवस म्हणजे चौदा.
ऐनापुरे साहेब रात्री यायचे,
पायात स्लीपर, हातात बॅटरी,
टाकीला कान लावून उभे,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबल्यासारखे.

एकोणीसच्या पुरात पाणी लॅबच्या खिडकीला लागलं.
मी रजिस्टर सोडलं, मशीन सोडलं,
यीस्टची बाटली पदराखाली घेऊन होडीत बसले.
होडीवाला म्हणाला, औषध का?
मी म्हटलं, विरजण.
बुधगावला भावजयीच्या फ्रिजमध्ये,
दह्याच्या पातेल्याशेजारी, अकरा दिवस,
दिवसाआड चमचाभर गुळाचं पाणी.
पूर ओसरला, टाक्यांतला गाळ काढला,
आणि त्याच बाटलीतून पुन्हा फेस वर आला.
साहेब रडले त्या दिवशी.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग कोल्हापूर, मग पुणं, मग गोवा.
चौदाचे बारा झाले. बाराचे नऊ.
कुणी हुकूम काढला नाही,
नुसता ट्रक आधी येऊन उभा राहायला लागला.
यीस्ट पाकिटातून येऊ लागलं.
लेबल मात्र सुधारलं,
सोनेरी, वर हळदीचं पान.

मी दोन ग्लास घ्यायचे,
एक गार, एक साठ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं.
हुंगायचे. रजिस्टरात लिहायचे.
तूप. तूप. किंचित तूप. तूप.
शेजारच्या रकान्यात साहेबांची सही,
सगळीकडे एकसारखी,
वाचल्याची खूण कुठंच नाही.
आणि गिऱ्हाईक म्हणतं, हल्ली जरा मऊ लागते, छान.
यावर माणसानं काय बोलायचं.

टाक्या धुणारा सुदर्शन वायदंडे मार्चात सोडून गेला.
आष्टा रस्त्याला मेव्हण्याच्या भागीत
दोन टाक्यांचं काम काढलंय.
जाताना जुन्या यीस्टची बाटली मागितली.
दिली.
चोरी म्हणायची तर म्हणा.

पहिली खेप चिंचेच्या कोळासारखी.
दुसरीला ओल्या पोत्याचा वास.
तिसरीला मी म्हणाले, नळ्या बदल आधी, मग देवाला नारळ फोड.
चौथी त्यानं मला न विचारताच ओतून दिली,
सगळी, गटारात.
ते ऐकलं आणि
पगार हातात पडल्यासारखं वाटलं.

परवा रविवारी पाचवी.
स्टीलच्या पेल्यात, शेडच्या सावलीला.
फार काही नाही. ताज्या कडब्याचा गोडवा,
शेवटी जरा पातळ,
आणि तूप. अगदी थोडं,
पंगतीत चार ताटं पलीकडं वाढत असावेत तेवढं.

तो माझ्या तोंडाकडं बघत होता.
मी थुंकले. पेला विसळला.
दिवस किती झाले?
दहा, म्हणाला, उद्या टेम्पो सांगितलाय.

मी काही बोलले नाही.
पदराला हात पुसत राहिले.
त्यानं खिशातनं फोन काढला,
उन्हात जाऊन उभा राहिला पाठमोरा,
आणि म्हणाला,
शुक्रवारी ये रं.