तिसरा हात

खाडीकाठच्या त्या गल्लीला
जुनेपणाचे तीन हात मारले
मी आणि यासीन परकारने.
पहिला मातकट रंगाचा.
दुसरा कोऱ्या चहाचा, खरंच चहा,
पिंपभर उकळायचो सकाळी,
प्यायला मात्र बाहेरून आणायचो.
तिसरा तारेच्या ब्रशचा:
लावलेलं थोडं थोडं खरवडायचं,
माणसांचे खांदे घासून गेल्यासारखं.
"किती उंचीवर?" यासीनने विचारलं.
हानीसाहेब बैरूतचे. स्वतःचा खांदा भिंतीला लावून
म्हणाले, इथे. आणि गाढवाचं ओझं इथे.
गाढव कुणीच पाहिलं नव्हतं.

नकाशात भेगांनाही नंबर होते.
भेग सतरा: खिडकीच्या कोपऱ्यातून खाली, वीतभर.
दारांना गंजकी कुलपं, किल्ली नाही.
वर लोंबत्या तारा, त्यांत वीज नाही;
खरी वीज जमिनीखालून येते, एसीला.
कबुतरं तेवढी आपणहून आली,
कुठल्याच बिलात नव्हती.

सहा वर्षांनी, एका रविवारी
बायकोला घेऊन गेलो. व्हिजिट व्हिसा, एक महिना.
ती प्रत्येक दारापुढे थांबत होती.
देवळात बोलावं तशी हळू म्हणाली,
किती पिढ्या नांदल्या असतील ना इथे?
मी म्हणालो, हो.
आईस्क्रीम बावीस दिरहमचं. एकच घेतलं.

ती फोटो काढत असताना
वाऱ्याच्या मनोऱ्याखाली मला एक भेग दिसली.
केसाएवढी, तिरकी,
जमिनीपासून वर चढणारी.
आमच्या सगळ्या वरून खाली यायच्या.
बोट फिरवलं. आत ओल.
जिभेला लावली, खारट.

कुणाला सांगितलं नाही.
तरी तिसऱ्या आठवड्यात कागद आलाच:
नकाशाबाहेरची भेग, तातडीने बुजवावी.
यासीन कायमचा दाभोळला परतलेला.
एकटाच गेलो, पहाटे, गल्ली उघडायच्या आधी.
लांबी भरली, पॉलिश पेपर मारला.
थर्मासमधून चहा नेला होता,
अर्धा भिंतीला, अर्धा मला,
दोघांनाही बिनसाखरेचा.

तारेचा ब्रश मारता मारता
दमून टेकलो भिंतीला,
तेव्हा कळलं,
हानीसाहेब माझ्यापेक्षा उंच होते.
सगळ्या गल्लीची झीज
चार बोटं वर आहे.