चादरीचं दुसरं टोक

सहा वर्षं आम्ही त्याला मेणबत्त्या शिकवल्या.
दिवाळीत पालकच विकत घ्यायचे,
पालकांच्याच घरी त्या वितळायच्या.
अठरा पूर्ण झाली की प्रमाणपत्र, नारळ,
फाटकापाशी फोटो.
'यानंतर कुठे' हा रकाना
कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

या वर्षी मी मेणाचं पातेलं खाली उतरवलं
आणि केप्याहून मडगावची बस धरली,
प्रजोत वेळीपच्या शेजारची सीट.

तीन हॉटेलांनी चहा पाजला.
एकाने चेकबुक काढलं:
मुलगा नको टीचर, पावती द्या.
चौथ्याच्या मागच्या दाराशी, वाफेत,
बेर्ता उभी होती. लाँड्री तिची.
"घडी येता ताका?"
एवढंच विचारलं तिने.
बाकीच्यांनी आयक्यू विचारला होता.

घडी येते. टॉवेलची तर अशी
की कड कडेला विसरत नाही.
उंबरा, दार, परत दार, असं पुटपुटत करतो,
हे शब्द त्याचे, मी शिकवलेले नव्हेत.
चादरीला मात्र दोन माणसं लागतात
आणि एकमेकांकडे चालत येणं लागतं.
माणूस जवळ आला
की तो चादर सोडून देतो.

पहिला आठवडा मी चादरीचं दुसरं टोक होते.
मग इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहू लागले.
मग दारात.
दूर उभं राहायचं मला कुणी शिकवलं नव्हतं,
बी.एड.ला ते नसतं.

मशीनचा बझर वाजला की तो टेबलाखाली.
चार दिवस. पाचव्या दिवशी बेर्ताने
बझरच्या तोंडात मोजा कोंबला,
वर चिकटपट्टी.
लाल दिवा पेटतोच की, म्हणाली,
आवाज कोणाला हवा होता?
सरकारी कागदात याला वाजवी सोय म्हणतात.
तो जोडीदार हरवलेला, कुणा पाहुण्याचा मोजा होता.

पाटी त्याला वाचता येत नाही.
परोड्याचा डोंगर मागे पडला की पिशवी खांद्याला,
निळ्या पेट्रोल पंपावर उठून उभं राहायचं.
जूनमध्ये त्यांनी पंप पांढरा रंगवला.

सापडला तेव्हा तो कोलव्याला होता,
किनाऱ्यावरच्या खुर्च्यांतले ओले टॉवेल
घडी करून ठेवत.
कुणी पन्नासची नोट दिली होती.
भीक म्हणून की मजुरी, मी विचारलं नाही.
तिचीही त्याने घडीच केली होती,
उंबरा, दार, परत दार.

त्या रात्री त्याची आई म्हणाली,
घरी बरा होता तो. मला नको याचा पगार.
मी म्हटलं, त्याला हवाय.
खात्रीने म्हटलं.
खात्री नव्हती.

तीन दिवस तो दारातल्या पायरीवर
पिशवी खांद्याला लावून बसला, सकाळी सातला.
चौथ्या दिवशी आईनेच डबा भरला
आणि कंडक्टरला माझा नंबर दिला,
स्वतःचाही.

आता मी रस्त्यापलीकडे,
चहाच्या गाड्यामागे असते.
शाळेत अजून अकरा मुलं आहेत,
आणि गाडा एकच, मी एकच.
वर लिहिलं, माणूस द्या म्हणून.
उत्तर आलं: उपक्रम स्तुत्य आहे.

काल बेर्ता रजेवर.
त्याने खिडकीतून हात हलवला, मला नव्हे,
बोलावण्यासाठी.
धर, म्हणाला.
मी दोन कोपरे धरले.
मोठी चादर, दुहेरी पलंगाची,
अजून गरम.
तो चालत आला. थांबला.
आणखी दोन पावलं आला,
माझ्या नखापर्यंत,
कोपऱ्याला कोपरा लावला
आणि माझ्या हातातून चादर काढून घेतली.

"वच टीचर," म्हणाला.
लाल दिवा पेटला होता.