बहुतेक

इसाल्मीत त्या हिवाळ्यात बर्फावरून घसरले,
डोकं आपटलं. सात टाके.
टाके वाळले, केस परत उगवले,
वास तेवढा गेला तो गेलाच.

डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, डोळे वाचले.
बहीण म्हणाली, चला, गोठा साफ करायला माणूस मिळालं.
मीही हसले.
मग एका पहाटे बेकरीत
राईच्या पावांची अख्खी भट्टी कोळसा झाली
आणि मी शेजारीच उभी, पीठ चाळत.
ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात.
माझं जळलं. मला कळलं नाही.

कुणाला सांगणार?
नवऱ्याच्या मानेत तोंड खुपसलं
तर काचेला गाल लावल्यासारखं.
हे काय बोलून दाखवायचं असतं?

रात्रपाळीच्या चहात, फोनवर,
ही माणसं सापडली. अठरा. मी एकोणिसावी.
कुणाचा ताप, कुणाचा अपघात,
दाव्रोनचं तर जन्मापासूनच कोरं.
भाषा सगळ्यांचीच मोडकी,
चुकलेलं क्रियापद कुणी दुरुस्त करत नाही.
रोज एकजण एक वास मागतो,
बाकीचे आठवून आठवून देतात.

एफुआने केप कोस्टहून बर्फ मागितला.
मी लिहिलं, बहुतेक, नवं नाणं जिभेवर ठेवल्यासारखा.
होरासियोने एकदा
वडिलांच्या होडीचं डांबर सांगितलं,
बहुतेक, पाठीमागून कुणी नावाने हाक मारावी तसं.
त्या रात्री मी कणिक तशीच सोडून बसले.
आणि दाव्रोन, समरकंदात,
ज्याने आयुष्यात काही हुंगलं नाही तो,
विचारतो, म्हणजे निळ्याच्या जवळचं, की लाकडाच्या?
आम्ही खरंच विचार करतो.

माझ्या गल्लीत मला कुणी
एवढं काही विचारलेलं नाही.

दोन वर्षं गेली.
मार्चात एकदा भट्टीचं दार उघडलं
आणि आधी काहीतरी सडकं आलं, ओल्या लोखंडासारखं,
मग त्याच्यामागून, लंगडत,
राई.
मी खालीच बसले. पिठात.
आनंदाने रडले, असं नवऱ्याला सांगितलं.
अर्धं खरं होतं.
उरलेलं अर्धं हे, की
आता मी जायचं कुठे?

अकरा दिवस लपवलं.
खिशात भाकरी दडवून
उपाशी माणसांत बसावं, तशी बसले.
मिर्येलने वेलचीचा गोड पाव मागितला,
मी ताबडतोब चार ओळी दिल्या. नेमक्या.
दाव्रोनने मला एकटीला लिहिलं,
हल्ली तू 'बहुतेक' म्हणत नाहीस.

कबूल केलं. सगळ्यांसमोर.
माफीही मागितली, कशाची ते मला अजून माहीत नाही.
बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.
होरासियो निघून गेला, न बोलता.
त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर
मीही कदाचित.

मग एफुआ,
बरं झालं. एक तरी नाक झालं आपलं.
जा आता बाहेर, काय काय आहे बघून ये.

बघून, म्हणे.

पहाटेचे पाच. तळ्यावरचा बर्फ काठाशी सुटलेला,
खाली काळं पाणी, कुजलेलं पाणगवत,
पलीकडे कुणीतरी इतक्या लवकर सौना पेटवलेला.
उकिडवी बसले, हातमोजा काढला,
अठरा जणांना पुरेल एवढा श्वास घेतला.
अंगठा गारठला. शब्द सापडेना.
दाव्रोनचे तीन ठिपके
येत होते, जात होते, येत होते.

बहुतेक,
मी सुरुवात केली.