वांब

अडीच वाजता येते. तिले घड्याळ लागत नाई.
आंधी अंगठा वाकडा, मंग पोटरीत गाठ,
ओल्या सुंभाची, पिळून पिळून आवळलेली.
मी वरडत नाई. उशीचा कोना चावतो.
पंचफुला उठतेच तरी.
दिवा न लावता माही टाच मांडीवर घेते,
बोटं गुडघ्याकडं वढत रायते.

चाळीस वर्सं ह्याच पायानं पायडल मारलं.
गावभराच्या बंड्या, शाळेच्या खाकी चड्ड्या,
बाजाराच्या आदल्या दिवशी तं रातभर.
आता मशीन झाकून ठेवली,
तं पाय आपणच शिवाले बसते.

सेवाग्रामचा डॉक्टर, पोरगंच हाय, चांगलं हाय.
म्हणे, काका, लिवर आकसलं, त्याच्यानं होते.
मीठ बंद. अन् वांब आली का
लोणच्याचं पाणी, चमचाभर, जिभेवर.
पंचफुला दवाखान्यातच हासली.
घरातलं सारं मीठ गेलं,
बरणी तेवढी राह्यली.

गावाले एकच ठाव: पेत असन.
थेंब नाई घेतला मी.
लहानपणी सायकलवर एक डॉक्टर ये,
एकाच सुईनं साऱ्या पोरांले टोचे.
तेच असन. नसनही.
शिंपी माणूस मी,
सुईले नावं कसा ठेवू?

चमचा दाताले लागते. खारट, आंबट.
एक पीळ सुटते. मंग दुसरा.
पंचफुला बसल्या बसल्या पेंगते,
पाय सोडत नाई,
अर्धं शिवलेलं कापड धरावं तसा.