फुटतुटीची वही

तिसऱ्या वर्षाची पोरं रांगेत, 'नो ड्यूज'च्या सहीसाठी.
मी वही उघडतो.

थर्मामीटर, एक. वडजे हर्षल.
पाऱ्याचे मणी फरशीभर पळाले,
हा त्यांच्यामागे गुडघ्यांवर.
आता ओझरला विमानाच्या पंखात
ध्वनी सोडून न दिसणारी भेग हुडकतो.

प्रिझम, कोपरा उडालेला. पिंजारी तबस्सुम.
"काका, रंग तर तेवढेच पडतात."
चाळीस रुपये, दोन हप्त्यांत.
सिन्नरला शिकवते. तोच प्रिझम वर्गासाठी मागून नेला,
अजून आणून देतेय.

कडलगने काहीच फोडलं नाही.
फक्त अंजनेरीच्या पायथ्याशी, दुर्बिणीच्या रात्री,
शनीची कडी दिसली
आणि थर्मासमधला चहा माझ्या पायावर.
ते वहीत नाही.
ती हवामान खात्यात लागली.
दिंडोरीहून वडील फोन करतात, फवारणी करू का?
म्हणते, थांबा, पावसाची शक्यता साठ टक्के.
ते चिडतात : हो की नाही ते सांग!

स्टॉपवॉच, एक. गांगुर्डे.
लंबकावरून याचा जी आला नऊ पूर्णांक सहा.
खोडून आठ कर, सगळे म्हणाले.
नाही केला.
सातपूरला रात्रपाळीत गेज तपासतो.
परवा मिसळीच्या दुकानात भेटला,
रश्शाची वाटी बाजूला सारून म्हणाला,
"काका, गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली होती."
चार वर्षांनी.

रांगेतली शेवटची मुलगी :
माझ्या नावावर काही नाही ना?
नाही, म्हणतो.
सही करताना
जरा वाईटच वाटतं.